साहेबांच्या नावाने

पिंपळनेर,
सोमवार, ता. १४ मार्च १९८८

चि. सुमेधा,

सप्रेम जयभीम. माझी तब्येत ठीक आहे. आबांचा खोकला, मायचा गुडघा आणि तुझी नेमणूक अशा तीन बातम्या तू एकाच पत्रात कळवल्यास. तिसरीचा आनंद झाला. पहिल्या दोन्हींसाठी काय औषध चालू आहे ते लिही. दोंडाईचा गैरसोयीचं नाही. स्टेशन आहे, भुसावळला एकदा गाडी बदलली की रावेर.

तुझ्या आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण काम नव्हतं. गेले नऊ दिवस साइट बंद आहे.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. साइटवर काय घालून जावं, ही एक. आणि पेपरात ज्या शाळेबद्दल चार ओळी आल्या ती माझ्याकडची का, ही दुसरी. हो, माझ्याकडची. त्याबद्दल मला परवानंतर, गुरुवारी, कार्यकारी अभियंत्यांच्या चौकशीत जबाब द्यायचा आहे. नोकरी राहील की जाईल ते त्यावर ठरेल. म्हणून आधी कपड्यांचं लिहिते.

मी रुजू झाले तेव्हा मायने घेऊन दिलेली पांढरी सुती साडी नेसले होते. लोट्यात निखारे घालून तिने स्वतः इस्त्री केली होती. म्हणाली होती, ‘लोकं पयले लुगडं पाह्यतात, मंग तोंड.’ मायचं खरं होतं. लोकांनी लुगडं पाहिलं. पहिल्याच साइटवर वाळू चाळणारी बाई दुसरीला म्हणाली, ‘नवी मास्तरीन उनी वाटस.’ मी तिला सांगितलं की मी इंजिनिअर आहे. तिने समजुतीने मान हलवली आणि म्हणाली, ‘हाव बाई, पन शाळा ते आजून बांधायनी नही.’

साडीची खरी अडचण शिडीची आहे. स्लॅबची सळई तपासायची तर बांबूच्या शिडीवरून वर जावं लागतं. साडीतली बाई शिडी चढू लागली की खालचं काम थांबतं. कुणी काही बोलत नाही. फक्त थांबतं. पहिल्या महिन्यात एका खोलीची सळई मी वर न चढता ‘तपासली’ म्हणून नोंदवली. सगळे गेल्यावर चढून पाहिली, बरोबर होती. पण नोंद केली तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

मग धुळ्याला जाऊन दोन पँटी आणि दोन शर्ट शिवून घेतले. शिंप्याने कुणासाठी म्हणून विचारलं, मी भावासाठी सांगितलं. आपल्याला भाऊ नाही हे त्याला कुठे माहीत. मापं मात्र त्याला माझीच घ्यावी लागली. त्याने घेतली, काही बोलला नाही. आमचे उपअभियंता देवरे साहेब मात्र बोलले. सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले, ‘सुरवाडे बाई, आज गॅदरिंग आहे का कुठे?’ पाड्यावर एका आजोबांनी मला हाताला धरून थांबवलं आणि अगदी काळजीने विचारलं, आंडेर शे का आंडोर? मी म्हटलं, आंडेर, मुलगीच. ते म्हणाले, मंग ठीक शे, आणि हात सोडला. त्यांचा मला राग आला नाही. विचारून घेणारे ते एकटेच.

पंजाबी ड्रेसही करून पाहिला. त्यात ठेकेदाराच्या मुनीमाने मी कितवीत आहे ते विचारलं.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी डायरीच्या मागच्या पानावर मोजदाद ठेवली. कोणत्या कपड्यात मी सांगितलेली गोष्ट पहिल्याच वेळी ऐकली गेली. साडीत बारापैकी तीनदा, पँटमध्ये बारापैकी चारदा, पंजाबी ड्रेसमध्ये बारापैकी दोनदा. हा फरक निष्कर्ष काढण्याएवढा नाही. तेव्हा ज्यात शिडी चढता येते ते घाल. पँट गडद रंगाची शिवून घे, दोन्ही बाजूंना खोल खिसे ठेव, म्हणजे टेप आणि वही हातात धरावी लागत नाही. कॅनव्हासचे बूट घे. ऑफिसात आपल्यासाठी संडास नसेल. सकाळी एक पेला पाणी पिऊन निघायचं, मग घरी येईपर्यंत नाही. सवय होते.

डबा मी नकाशांच्या खोलीत खाते. पुरुष ओट्यावर एकत्र बसतात. साइटवर बायका झाडाखाली बसतात. एकदा मी त्यांच्यात जाऊन बसले. त्या बोलायच्या थांबल्या. एकीने भाकरी पदराखाली घेऊन विचारलं, ‘काय चुकनं का साहेब?’ त्यानंतर गेले नाही.

उपयोगी पडली ती गोष्ट कपड्यांची नाही. ती मला हिलाल मिस्त्रींमुळे सापडली. हिलाल मिस्त्री साठीचे, साक्रीकडचे, चाळीस वर्षं ओळंबा धरलेला माणूस. लिहिता-वाचता येत नाही, पण भिंत डोळ्यांनी पाहून अर्ध्या इंचाचा बाक सांगतात. मी त्यांना वाळू धुवायला सांगितली. ते हसले. दुसऱ्यांदा सांगितली, विडी पेटवली. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘साहेबांनी सांगितलंय.’ ते उठले आणि वाळू धुतली गेली. साहेबांनी तसं काही सांगितलं नव्हतं. साहेब त्या साइटवर कधी आलेलेही नव्हते.

तेव्हापासून मी तेच करत आले. विटा भिजवा, साहेबांनी सांगितलंय. सळईची कडी पुन्हा बांधा, साहेबांनी सांगितलंय. याचीही नोंद आहे. बारापैकी बारा.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब १९ फेब्रुवारीला झाला. त्या दिवशी सिमेंटच्या काही गोण्यांत गुठळ्या होत्या, म्हणून मी काँक्रीटचे क्यूब भरून धुळ्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. सात दिवसांची ताकद शंभराच्या आसपास यायला हवी होती, अठ्ठावन्न आली. नियमाप्रमाणे स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे असतात. ते या कारणाने एकवीस दिवस ठेवावेत असा उपअभियंत्यांचा आदेश मिस्त्रींना देण्यात आला होता. तशी नोंद साइट ऑर्डर बुकात २७ फेब्रुवारीच्या तारखेने आहे. मिस्त्रींनी तो न मानता पंधराव्या दिवशी, ५ मार्चला, टेकू काढायला घेतले आणि मधला भाग खाली आला. हिलाल मिस्त्रींचा पाय त्याखाली सापडला. बाकी कुणाला लागलं नाही.

हाच माझा जबाब आहे. गुरुवारी मी हेच सांगणार आहे.

उरलेलं उद्या लिहीन. घरमालकीण वच्छलाबाई पाणी आलंय म्हणून हाक मारत आहेत.

बुधवार, ता. १६ मार्च

काल लिहिता आलं नाही. धुळ्याला गेले होते.

वरच्या पानावर अपघाताबद्दल जे लिहिलं आहे त्यात आकडे सगळे बरोबर आहेत. आदेशाबद्दलचं आणि नोंदीबद्दलचं वाक्य खरं नाही. ते पान फाडून दुसरं लिहिता आलं असतं. तसं करत नाही. आधी मी तुलासुद्धा तेच लिहून पाहिलं, हे तुला दिसू दे.

एकवीस दिवस मी ठरवले होते. देवरे साहेबांना क्यूबचा आकडा मी दाखवलाच नव्हता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामावर असाच कमी आलेला आकडा मी त्यांच्याकडे नेला होता आणि काम थांबवण्याची नोंद माझ्या सहीने ऑर्डर बुकात केली होती. त्यांनी ठेकेदाराला बोलावून घेतलं, त्याच्यासमोर माझ्या सहीवरून आडवी रेघ मारली आणि वही त्याच्या हातात दिली. ठेकेदार मला ‘येतो ताई’ म्हणून गेला. त्या दिवसापासून ऑर्डर बुकात मी माझ्या नावाने एकही आदेश लिहिलेला नाही. ती वही त्यासाठीच असते, इंजिनिअरने काय सांगितलं ते तारखेसह राहावं म्हणून. मी तोंडी सांगत गेले, आणि साहेबांच्या नावाने.

तसंच २७ फेब्रुवारीला हिलाल मिस्त्रींना सांगितलं. साहेबांनी सांगितलंय, एकवीस दिवस टेकूला हात लावायचा नाही. ते बरं म्हणाले. कारण सांगितलं नाही. क्यूब, अठ्ठावन्न, गुठळ्या, यातलं काही नाही. साहेबांचं नाव घेतलं की कारण सांगावं लागत नाही, हीच तर त्यातली सोय होती.

ठेकेदार देवचंद शेठना स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा आणि टेकू दुसऱ्या कामाला हवे होते. त्यांनी एका साखरपुड्यात देवरे साहेबांना गाठलं आणि एकवीस दिवस कशाला म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, मी कुठे म्हटलं, चौदाच दिवस. ते खरंच बोलत होते.

पाच तारखेला सकाळी मी पोहोचले तेव्हा एका बाजूचे टेकू निघाले होते. वर कठड्यासाठी विटांचा थर रचलेला होता. मी पँटमध्ये होते, हे तुझ्या माहितीसाठी. थांबा म्हटलं. कामावरचे सगळे माझ्याकडे न बघता मिस्त्रींकडे बघू लागले. मी म्हटलं, मिस्त्री, काँक्रीट कच्चं आहे, तपासणीत कमी आलंय, मी सांगतेय. दोन वर्षांत ‘मी सांगतेय’ असं मी त्यांना पहिल्यांदा म्हटलं.

त्यांनी हातातला हातोडा खाली ठेवला. रागावलेले नव्हते, उलट त्यांनाच माझी लाज वाटल्यासारखी झाली होती. हळू म्हणाले, ‘बाई, तुम्ही साहेबनं नाव लिसन सांगं. साहेब म्हने, मी काही सांगं नही. मंग आते तुमनं कोनतं खरं मानू मी?’

मी कागद काढायला खिशात हात घातला. प्रयोगशाळेचा कागद खोलीवर, डायरीत राहिला होता. त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. माझ्या म्हणण्याचा तेवढा मान त्यांनी ठेवला. मग एकटे आत गेले आणि मधल्या टेकूची पाचर ठोकून सैल केली.

आवाजाबद्दल लिहीत नाही.

त्यांना जीपमध्ये घालून धुळ्याकडे पाठवलं आणि मी साइटवरच्या खोपटात गेले. पंचनाम्याला लोक यायला दोन तास होते. ऑर्डर बुकात फेब्रुवारीच्या पानावर खाली चार ओळींची जागा मोकळी होती. मी त्यात लिहिलं: ‘दि. २७/२/८८. मा. उपअभियंता यांच्या आदेशानुसार स्लॅबचे टेकू २१ दिवस काढू नयेत. मिस्त्रीस समज दिली.’ खाली सही केली. शाई वेगळी दिसू नये म्हणून आधी पेन शोधलं, फेब्रुवारीतल्या रोजच्या कामाच्या नोंदी ज्या पेनाने केल्या तेच. अक्षर नीट आलं. तू लहानपणी म्हणायचीस की अक्काचं अक्षर छापल्यासारखं आहे. त्या दिवशीही तसंच आलं.

मला वाटलं होतं साहेब हे पाहून ओरडतील. सात तारखेला, सोमवारी त्यांनी वही मागवली, नोंद वाचली, चष्मा काढला. मग म्हणाले, ‘नोंद आहे म्हणजे मी म्हटलंच असणार.’ चपराशाला दोन चहा सांगितले. दोन वर्षांत त्यांच्यासमोर बसून घेतलेला तो पहिला चहा. म्हणाले, तुमचं प्रोबेशन जूनमध्ये संपतंय, काळजी करू नका, मिस्त्री अडाणी माणूस, आदेश मोडला, आपण काय करणार. ठेकेदारानेही तेच म्हणायचं ठरवलं आहे. आदेश मोडून जखमी झालेल्या माणसाला भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे आता सगळे जण माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला तयार आहेत, सुमेधा. एकमताने. मी जे कधी म्हटलंच नव्हतं त्यावर.

काल मी दवाखान्यात गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. गुरुवारनंतर जाता येणार नाही, एवढं कळत होतं. मुद्दाम साडी नेसले, पांढरी, दवाखान्यात कुणी थांबवू नये म्हणून. कुणी थांबवलं नाही. हिलाल मिस्त्रींच्या घरच्या, सुंदरबाई, खाटेशी जमिनीवर बसल्या होत्या. मला पाहून लगबगीने उठल्या आणि पट्टी कधी बदलणार ते विचारू लागल्या. मला नर्स समजल्या. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. तांब्या रिकामा होता, तो भरून आणून दिला.

मिस्त्री जागे होते. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. चादर तिथे एकदम सपाट होते. ते बायकोला म्हणाले, ‘नर्स नही ती. आम्हनी इंजिनेर बाई शे.’

सुंदरबाईंनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी त्यांना सांगितलं. साहेब एकवीस म्हणालेच नव्हते, मी म्हटलं होतं. का म्हटलं तेही सांगितलं, क्यूबचं, गुठळ्यांचं. गुठळ्या त्यांनीही पाहिल्या होत्या म्हणाले. ऑर्डर बुकात अपघातानंतर काय लिहिलं ते सांगितलं. त्यांना ते समजायला वेळ लागला, कारण वहीत काय लिहितात हे त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं. समजल्यावर ते छताकडे पाहत राहिले. छत पाहायची त्यांची जुनी सवय.

मग मी जे विचारायला गेले होते ते विचारलं. मी साहेबांचं नाव न घेता माझ्या नावाने सांगितलं असतं, कारणासकट, तर ऐकलं असतं का? मला वाटतं, मला ‘नाही’ हवं होतं. ‘नाही’ मिळालं असतं तर सुटल्यासारखं झालं असतं.

ते म्हणाले, ‘नही आयकतू.’ लगेच म्हणाले, विचार न करता. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, ‘पन मंग पाप मनं ऱ्हातं.’ त्यांच्या बोलीत मनं म्हणजे माझं.

मी साक्रीमार्गे परत आले. एस.टी.त शेजारची जागा रिकामी होती.

आज दुपारी ऑफिसात नकाशांच्या खोलीत बसून जबाब लिहिला. दीड पान झालं. आदेश माझा होता, तो मी खोट्या नावाने दिला, कारण दिलं नाही, नोंद अपघातानंतर मागच्या तारखेने केली, मिस्त्रींनी कोणताही लेखी आदेश मोडलेला नाही. क्यूबचा कागद जोडला. प्रत थेट कार्यकारी अभियंत्यांच्या नावाने आवक बारनिशीत दिली आणि क्रमांक पडेपर्यंत तिथे उभी राहिले. कारकुनाने पहिली ओळ वाचली आणि मला विचारलं, ‘साहेबांना दाखवलंय का?’ मी नाही म्हटलं. तो शिक्का हातात धरून थांबला. मी थांबले. मग त्याने मारला.

साहेबांना संध्याकाळपर्यंत कळलं असेल. मी निघाले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार बंद होतं आणि ओट्यावरचे सगळे एकाएकी घड्याळं पाहत होते.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा चौकशी होऊन गेलेली असेल. नोकरी राहणार नाही असं धरून चाल. कदाचित त्याहून जास्त काही होईल. खोटी नोंद हा गुन्हा आहे आणि तो मी केलेला आहे. मायने हे ऐकायला हवं. तू वाचून दाखव, वाक्यं गाळू नकोस, आणि ती काय म्हणाली ते जसंच्या तसं कळव. चांगलं म्हणाली नाही तरी.

राहिलं तुझं. पुढच्या महिन्यात तू दोंडाईच्याला रुजू होशील तेव्हा पहिल्याच दिवशी तुझं आडनाव वाचून कुणीतरी विचारेल, पिंपळनेरच्या त्या सुरवाडे बाई तुमच्या कोण? आणि पुढे म्हणतील, बायकांच्या बोलण्याचा भरवसा नाही, आम्ही आधीच म्हणत होतो. हे मी त्यांच्या हातात दिलं. तुझ्या आधी इथे येऊन तुझ्यासाठी मी एवढंच करून ठेवलं. याबद्दल माफी मागायची असेल तर कोणत्या शब्दांत मागतात ते मला माहीत नाही.

मी तुझी कुणी नाही असं सांगितलंस तरी चालेल. मी ते खरंच म्हणते आहे. तुला सगळं आयुष्य त्या नोकरीत काढायचं आहे. पण बहीण आहे असं सांगितलंस तर मग काय झालं तेही सगळं सांग, या पत्रात आहे तसं.

इथे कुणी विचारत नाही, म्हणून पत्र लांबलं.

तुझी अक्का,
विशाखा आधार सुरवाडे